अंधारातला खोटा उजेड: ट्रेसर आणि नॅनोकण वापरताना या चुका टाळा

पावसाच्या तोंडावर सत्तरीत काजवे बघायला गेलं की पहिली सूचना एकच: टॉर्च बंद. प्रयोगशाळेत उंदराच्या शरीरातली गाठ बघण्यासाठी चेरेन्कोव्ह प्रकाशाचा फोटो काढणाऱ्याला तीच सूचना दसपट कडक करून सांगावी लागते. हा उजेड काजव्याहूनही कितीतरी मंद. फ्लोरिन-18 सारख्या ट्रेसरमधून, म्हणजे शरीरात टोचायच्या किरणोत्सारी पदार्थातून, सुटलेला पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) ऊतीत तिथल्या प्रकाशाच्याही पुढे धावला की हा उजेड पडतो. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ चेरेन्कोव्ह यांनी 1934 मध्ये टिपलेला, 1958 चं नोबेल मिळवून देणारा, तो हाच. अडचण अशी की तो निळसर, आणि निळा रंग रक्तातलं हिमोग्लोबिन गिळून टाकतं. म्हणून सोबत युरोपियम ऑक्साइडचे नॅनोकण द्यायचे. ते हा निळा उजेड पिऊन लाल प्रकाश सोडतात, आणि लाल जरा खोलवरूनही बाहेर येतो.

माझी पहिली फजिती चिकटपट्टीनं केली. ट्रेसरची नळी काळ्या पेटीत पारदर्शक पट्टीनं चिकटवली, झाकण लावलं आणि लगेच पाच मिनिटांचं एक्स्पोजर दिलं. फोटोत नळीच्या कडेनं झकास तेजस्वी रेघ! आम्ही चहा मागवला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की द्रव तळाशी आहे नि रेघ पार टोपणापर्यंत. नुसत्या पाण्याची नळी तशीच चिकटवून फोटो काढला, रेघ जागच्या जागी. पट्टी, पांढरा कागद, काही प्लास्टिकं ट्यूबलाइटचा उजेड पिऊन ठेवतात आणि नंतर काही मिनिटं ओकत राहतात. त्यात पट्टी ओढून काढतानाही क्षणभर प्रकाश पडतो, ते वेगळंच. तेव्हा आत काळा, बिनचमकीचा कागद घाला, पेटी बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि आधी रिकाम्या पेटीचा फोटो काढा. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा फटीतून आत येत असेल तर तोही त्यातच पकडला जातो.

फोटोत मिठासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते नॅनोकण नव्हेत. ट्रेसरचे गॅमा किरण थेट कॅमेऱ्याच्या सेन्सरवर आदळलेत. एका लांब फोटोऐवजी अनेक छोटे घ्या आणि प्रत्येक पिक्सेलचा मध्यक (सगळ्या फोटोंतली मधली किंमत) काढा.

दुसरी मोठी चूक म्हणजे हाताशी आहे म्हणून टेक्नेशियम-99एम हा दुसरा ट्रेसर वापरणं. पाण्यात चेरेन्कोव्हसाठी इलेक्ट्रॉनला साधारण 260 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. टेक्नेशियमचा गॅमाच 140 चा. उजेड येणार कुठून? आणि तरी युरोपियमची नळी शेजारी ठेवल्यावर ती उजळली, तर गोंधळू नका. असे कण गॅमानंही उजळू शकतात. म्हणूनच फ्लोरिन वापरतानासुद्धा कण नेमके कशानं पेटले हे तपासायला हवं. दोन नळ्यांच्या मध्ये काळा कागद उभा करा. प्रकाश अडतो, गॅमा आरपार जातो. कागदानंतर जे उरलं ते गॅमाचं, जे गेलं ते चेरेन्कोव्हचं. फुकटातली चाचणी, पण निम्मे विद्यार्थी ती टाळतात. नुसता ट्रेसर आणि नुसते कण यांचे फोटोही हवेतच.

फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, 110 मिनिटं. माल घाटातून साडेपाच तासांनी पोचला तर उरतो आठवा हिस्सा. सकाळच्या आणि दुपारच्या फोटोंची तुलना करताना हा हिशेब विसरलात, तर 'गाठ मंदावली' असा भलताच निष्कर्ष निघेल.

नॅनोकण शुद्ध पाण्यात छान सुटे राहतात आणि सलाइनमध्ये टाकताच गुठळ्या धरतात, कारण मिठामुळे त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार झाकला जातो. गुठळ्या उंदराच्या फुप्फुसात अडकतात. गुठळ्या नसल्या तरी यकृत आणि प्लीहा आपला वाटा उचलतातच. तिथला उजेड रोगाचा समजू नका. ट्रेसर कणालाच जोडलेला असेल तर तो सुटलाय का तेही बघा: सुटलेलं झिर्कोनियम-89 हाडात जातं, आयोडीन थायरॉइडमध्ये. टोचण्याआधी टीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या) पट्टीवर एक थेंब टाकला की उत्तर मिळतं.

आणि एक्स-रे खोलीतलं शिशाचं एप्रन घालून निर्धास्त होऊ नका. फ्लोरिनच्या 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमाला ते जवळजवळ अडवत नाही. जाड शिशाची वीट, लांब चिमटा आणि चटपटीत हात, एवढंच कामाला येतं.