व्हीसीओची अ‍ॅम्प्लिट्यूड नक्की कोण ठरवतं? नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) तिसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्टसाठी मी व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर, घेतला होता. कंट्रोल व्होल्टेज वाढवलं की फ्रिक्वेन्सी वाढली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं, अ‍ॅम्प्लिट्यूडचा, म्हणजे लाटेच्या उंचीचा, विचारच केला नव्हता. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून एलएम३५८ (एकात दोन ऑपअँप), बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि बाकी किरकोळ पार्ट आणले, डेटाशीटमध्ये दोन ऑपअँपचं जे व्हीसीओ सर्किट असतं तेच १२ व्होल्टवर ब्रेडबोर्डला लावलं, फक्त इंटिग्रेटरचा, म्हणजे कपॅसिटर भरून-रिकामा करून ट्रँगल काढणाऱ्या पहिल्या ऑपअँपचा, कपॅसिटर १ नॅनोफॅरडचा घेतला. कंट्रोल १.४ व्होल्टला साधारण १ किलोहर्ट्झ मिळालं, ट्रँगल सुंदर. मग ७ व्होल्टपर्यंत नेलं तर ट्रँगलची उंची वाढलेली, आणि तीही फक्त वरच्या टोकाला, खालचं टोक जागच्या जागी! शिवाय फ्रिक्वेन्सी हिशोबाप्रमाणे ५ किलोहर्ट्झ हवी होती ती ४.२ च्या आसपासच अडकली.

मी दोन दिवस कपॅसिटर बदलत बसलो. कपॅसिटरचा काहीच दोष नव्हता.

या सर्किटमध्ये ट्रँगलची उंची इंटिग्रेटर ठरवत नाही, ती दुसरा ऑपअँप ठरवतो, जो श्मिट ट्रिगर म्हणून लावलेला असतो. ट्रँगल त्याच्या वरच्या किंवा खालच्या थ्रेशोल्डला (ठरलेल्या व्होल्टेजला) पोचला की त्याचं आउटपुट पलटतं, त्याने बीसी५४७ चालू किंवा बंद होतो आणि इंटिग्रेटरची दिशा उलटते. म्हणजे हे दोन थ्रेशोल्ड म्हणजेच ट्रँगलची दोन टोकं. ते ठरवणारे ५१के आणि १००के हे दोन रेझिस्टर घेऊन हिशोब करून बघा: एलएम३५८ चं आउटपुट खाली जवळजवळ ० पर्यंत जातं पण वर सप्लायपेक्षा दीड व्होल्ट कमीच राहतं, म्हणजे १०.५. मधलं व्होल्टेज, म्हणजे सप्लायचं निम्मं, ६. त्यावरून वरचा थ्रेशोल्ड ७.५ आणि खालचा ४ येतो, साडेतीन व्होल्ट पीक टू पीक, आणि तेही ६ च्या दोन्ही बाजूंना सारखं नाही. सप्लाय हलला की हे सगळं हलतं, म्हणून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवत असाल तर बॅटरी उतरेल तशी अ‍ॅम्प्लिट्यूडही उतरणार, १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा ७८१२ रेग्युलेटर लावणं (त्याला १२ पेक्षा जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, ९ व्होल्टची बॅटरी चालणार नाही) हा काही चैनीचा भाग नाही.

आता वरचं टोक का वाढलं? एलएम३५८ चा स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुट जास्तीत जास्त किती वेगाने बदलू शकतं ते, ०.३ ते ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. ट्रँगल वरच्या थ्रेशोल्डला पोचल्यावर आउटपुटला १०.५ वरून ०.६ पर्यंत यायचं असतं, तेव्हा कुठे ट्रान्झिस्टर बंद होतो, यात निदान २० मायक्रोसेकंद जातात आणि तेवढा वेळ इंटिग्रेटर वर चढतच राहतो. खालच्या टोकाला मात्र ० वरून ०.६ ला पोचायचंय, ते एक-दोन मायक्रोसेकंदात होतं. १ किलोहर्ट्झला ट्रँगलचा चढ इतका कमी असतो की जास्तीचा भाग ०.१४ व्होल्ट, दिसतही नाही. ५ किलोहर्ट्झला तोच ०.७ व्होल्ट. हे कागदावर जुळलं त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो प्रोजेक्टच्या मार्कांनीही झाला नाही.

उपाय म्हणजे श्मिट ट्रिगरच्या ऑपअँपच्या जागी खरा कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करून झटकन पलटणारा आयसी. एलएम३९३ च्या पिना एलएम३५८ सारख्याच असतात, एलएम३११ अजून फास्ट आहे. पण दोन्हींचं आउटपुट ओपन कलेक्टर, म्हणजे ते फक्त खाली ओढतं, वर न्यायला सप्लायकडे रेझिस्टर (पुलअप) लागतो, तो विसरलात तर काहीच हलणार नाही. आणि पुलअप २.२के असेल, ट्रान्झिस्टरच्या बेसला १०के जात असेल, तर हायची पातळी १२ नाही, १० च्या आसपास येते, त्यामुळे थ्रेशोल्ड नव्याने काढा.

अजून एक चूक बऱ्याच जणांची होते, माझीही झाली: उंची कमी हवी म्हणून मी ५१के बदलला. उंची कमी झाली पण फ्रिक्वेन्सी वाढली, कारण तेवढ्याच करंटने आता कमी अंतर कापायचंय. तेव्हा ऑसिलेटरच्या आतली उंची एकदाच ठरवून सोडून द्या, कमीजास्त करायची ती बाहेर, बफर आणि त्यापुढे पॉट लावून.

साइन देणाऱ्या ऑसिलेटरमध्ये असा थ्रेशोल्ड नसतो, तिथे उंची आवरणारी वस्तू मुद्दाम घालावी लागते. १९३९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या बिल ह्यूलेटने वीन ब्रिज या साइन ऑसिलेटरमध्ये साधा बल्ब घातला: सिग्नल वाढला की फिलामेंट तापतं, रेझिस्टन्स वाढतो, गेन कमी होतो. मला आजही हे सगळ्यात सुंदर सर्किटांपैकी एक वाटतं.

आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या) व्हीसीओत कॉइल आणि व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारा डायोड) मिळून टँक होतो, तिथे अ‍ॅम्प्लिट्यूड बायस करंट आणि टँकच्या लॉसवर ठरते, म्हणून ट्यूनिंगबरोबर ती बदलतेच. ट्यूनिंग व्होल्टेज कमी असताना स्विंग मोठा झाला तर व्हॅरॅक्टर फॉरवर्ड जाऊन (म्हणजे डायोडसारखा करंट वाहू देऊन) टँकचा क्यू खातो, लॉस वाढवतो, त्यासाठी दोन व्हॅरॅक्टर पाठीला पाठ लावतात. तरीही पुरेना तर डायोड डिटेक्टरने उंची मोजून बायस करंट आवरायचा लूप घालतात, फक्त तो लूप हळू ठेवा, नाहीतर उंचीच वरखाली डोलायला लागते. आणि टँकला थेट प्रोब लावू नका, १० एक्सच्या प्रोबचे १०-१५ पिकोफॅरडसुद्धा फ्रिक्वेन्सी सरकवतात, आधी बफर काढा मग मोजा.

पुढे एका इंटरव्ह्यूला प्रोजेक्टबद्दल पहिला प्रश्न हाच आला, तुमच्या सर्किटची अ‍ॅम्प्लिट्यूड कोण ठरवतं. मी कागद मागून घेतला, ५१के, १००के काढले आणि त्या २० मायक्रोसेकंदांपासून सुरुवात केली.