पुण्यात मेट्रोचा नवीन रूट सुचवताय? या चुका टाळा

सूचना-हरकती मागवल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नकाशांचा पाऊस पडतो. कुणी हिरव्या पेनाने रेघ मारतं, कुणी मोबाइलवरच्या मॅपवर बोटाने लाइन ओढतं, आणि खरं सांगायचं तर मला हे मनापासून आवडतं, कारण आपल्या गावाची गाडी कुठून जावी हे गावातल्याच लोकांनी सांगायला पाहिजे. पण यातल्या बऱ्याच सूचना पहिल्याच वाचनात बाजूला पडतात. कल्पना वाईट असते असं नाही, त्याच त्या चार-सहा गोष्टी राहून जातात म्हणून. गेली काही वर्षं असल्या सूचना लिहितोय, लोकांच्या वाचतोय, त्यातून जे कळलं ते इथे टाकतो. उदाहरणं सगळी पुण्याची.

सरळ रेघ मारणे

आम्ही पहिल्यांदा जो रूट काढला तो सहकारनगर ते वारजे असा एकदम सरळ होता. मॅपवर अंतर कमी दिसतं, कुणी म्हणालं वीस मिनिटांत पोचू, सगळे खूश. आमच्याकडे रेल्वेतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांनी चष्मा वर केला आणि एकच विचारलं, "तळजाईच्या टेकडीतून बाहेर आल्यावर नदी कशी ओलांडणार?" मग कागद उलटा करून त्यांनी हिशोब मांडला. मेट्रोच्या रुळाला चढ असतो साधारण तीन-चार टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर तीन-चार मीटर वर. समजा गाडी जमिनीखाली १५ मीटरवर आहे आणि पुलावर तिला १२ मीटर उंच जायचंय, म्हणजे २७ मीटर चढायचंय, तीन टक्क्यांनी धरलं तर ९०० मीटर लांब रॅम्प. आणि या रॅम्पचा मधला तुकडा जमिनीच्या लेव्हलला येतो, तिथे रस्ता आडवा तुटतो, वर पूल नाही खाली भुयार नाही अशी नुसती भिंत उभी राहते. तळजाईच्या पायथ्यापासून सिंहगड रोडपर्यंत एवढी मोकळी जागा दाखवा म्हणाले. नाहीये. आणि वरची टेकडी म्हणजे पाचगाव-पर्वतीचं राखीव जंगल, तिथे शाफ्ट, म्हणजे भुयारात उतरायची उभी विहीर, खणायचा म्हटलं तरी निम्मं पुणे रस्त्यावर येईल आणि यायलाच पाहिजे.

पिंपरी-स्वारगेट लाइनवर भुयार जिथे सुरू होतं ते बघा, कृषी महाविद्यालयाच्या मोकळ्या जागेजवळ. तिथे जागा होती म्हणून तिथे रॅम्प झाला. तर भुयारी आणि उन्नत (पुलावरून जाणारा) असा मिक्स रूट सुचवत असाल तर आधी रॅम्पची जागा शोधा, स्टेशनांची नावं नंतर. वळणाचंही तेच, मेट्रो रिक्षासारखी चौकात वळत नाही, तिला शे-सव्वाशे मीटर त्रिज्येचं वळण लागतं, भुयारात त्याहून जास्त. पेठेतल्या दोन रस्त्यांचा काटकोन तुमच्या नकाशात असेल तर त्या कोपऱ्यावरचे वाडे तुम्ही पाडताय हे लक्षात घ्या.

जुन्या वास्तू विसरणे

ही चूक मोठ्या मोठ्या आराखड्यांतही झालीय. केंद्राच्या कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीच्या कक्षेत येतात. वनाज-रामवाडी लाइन मूळ आराखड्यात जंगली महाराज रोडवरून होती, पण तिथे पाताळेश्वर आहे. लाइन नदीपात्राच्या कडेला गेली. पुढे नगर रोडवर आगाखान पॅलेस आडवा आला, तिथेही मार्गाची आखणी बदलून कल्याणीनगरकडे वळवावी लागली. नदीपात्रातल्या मार्गावर हरित लवादात केस झाली ती वेगळीच.

उपाय अगदी साधा आहे. रूट काढायच्या आधी शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस यांच्याभोवती पेन्सिलने १०० मीटर आणि ३०० मीटर असे दोन गोल काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि वास्तूइतकीच चालीरीत पण बघायची. लकडी पुलावरून विसर्जनाची मिरवणूक जाते, त्याच्यावरून मेट्रोचा पूल आडवा जाणार म्हटल्यावर २०२१ मध्ये गणेश मंडळांनी उंचीवरून आक्षेप घेतला आणि काम काही काळ थांबलं. रथाची उंची किती असते हे मंडळातल्या कुठल्याही कार्यकर्त्याला तोंडपाठ असतं, विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पालखीच्या मार्गावर काही सुचवताय का? मग हाच प्रश्न तुमच्यापुढे आहे.

स्टेशनं कमी ठेवून स्पीड दाखवणे

स्वारगेट-कात्रज भुयारी लाइन ५.४६ किलोमीटरची, आणि मूळ आराखड्यात स्टेशनं ३. कागदावर गाडी झपकन कात्रजला पोचते. पण मधल्या माणसाचं काय? बिबवेवाडीत राहणारी बाई स्टेशनपर्यंत एक किलोमीटर चालून, मग जिने उतरून, मग गाडीची वाट बघून जाणार की दारातून जाणारी पीएमटी पकडणार (हो, आम्ही अजून पीएमटीच म्हणतो)? लोक बालाजीनगरच्या स्टेशनसाठी मागे लागले, आणि शेवटी २०२५ मध्ये राज्य सरकारने बालाजीनगर आणि बिबवेवाडी अशी २ स्टेशनं वाढवायला मंजुरी दिली. पण भुयारी स्टेशन म्हणजे बस स्टॉप नव्हे की नंतर खांब रोवला. डिझाइन बदलतं, खर्च काही शे कोटींनी वाढतो, वेळ जातो तो वेगळाच.

दाट वस्तीत एक किलोमीटरच्या आसपास स्टेशन धरा, बाहेरच्या भागात दीड-दोन चालेल. उलट टोकालाही जाऊ नका, प्रत्येक नगरसेवकाच्या ऑफिससमोर स्टेशन मागितलं तर गाडी थांबत थांबतच जाईल.

इंटरचेंज म्हणजे नकाशावरचा ठिपका समजणे

मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय ते हे, इंटरचेंज म्हणजे एका लाइनवरून दुसरीवर गाडी बदलायची जागा. नकाशावर दोन रेघा एकमेकींना छेदतात, आपण तिथे एक गोल काढतो आणि काम झालं म्हणतो. आता डिस्ट्रिक्ट कोर्टाचं स्टेशन घ्या. वनाज-रामवाडी लाइन वर पुलावर, पिंपरी-स्वारगेट लाइन जमिनीखाली ३३ मीटरवर, म्हणजे साधारण दहा मजल्यांची बिल्डिंग खाली उलटी धरल्यासारखं. स्टेशन बघण्यासारखं आहे, वरून उजेड आत येतो, मला स्वतःला फार आवडतं. पण मी आईला घेऊन वनाजहून स्वारगेटला गेलो तेव्हा मोबाइलवर घड्याळ लावलं होतं. आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात, सरकत्या जिन्यावर पाय टाकायला घाबरते, म्हणून लिफ्ट, एक नाही, एकीतून उतरून चालत दुसरीकडे. वरच्या गाडीतून उतरल्यापासून खालच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहीपर्यंत ९ मिनिटं लागली. कॉलेजची पोरं धावत तीन-चार मिनिटांत जातात. त्यानंतर गाडीची वाट. आता तुमच्या सूचनेत असे दोन बदल असतील तर आईसारख्या प्रवाशाची अठरा-वीस मिनिटं तिथेच गेली, मग गाडी कितीही पळू दे.

त्याच कोर्टाच्या स्टेशनला हिंजवडीची तिसरी लाइन पण येऊन मिळते, आणि ती चालवणारी कंपनी वेगळी. म्हणजे चालण्याचं अंतर सोडाच, तिकीट एकच चालणार का, गेटमधून बाहेर पडून पुन्हा आत जावं लागणार का, हे पण सूचनेतच मागायचं. नंतर मागून मिळत नाही असं नाही पण फार उशीर होतो.

इंटरचेंज सुचवताना तिथे प्रत्यक्ष जा, एका म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या, आणि मिनिटं लिहा. "इंटरचेंज सोयीचा असावा" या वाक्याचा काही उपयोग होत नाही. "प्लॅटफॉर्म ते प्लॅटफॉर्म लिफ्टने ४ मिनिटांच्या आत" असं लिहिलं तर समोरच्याला त्यावर हो किंवा नाही म्हणावं लागतं.

एसटीचं पण यातच बसवतो. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचा एसटी स्टँड २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवला. नाशिक, संभाजीनगरहून येणारा माणूस बॅगा घेऊन वाकडेवाडीला उतरतो आणि मेट्रोचं भुयारी स्टेशन मात्र जुन्या स्टँडपाशी. काम चालू असताना काय काय "तात्पुरतं" हलणार आणि ते परत कधी येणार, ही तारीख तुमच्या सूचनेत आलीच पाहिजे.

शेवटचं स्टेशन चुकीच्या जागी

लाइन वनाजला संपली. चांदणी चौक तिथून जेमतेम एक किलोमीटर पुढे, आणि बावधन, भूगाव, पिरंगुटकडचे सगळे येतात तिथूनच. हा १.१२ किलोमीटरचा तुकडा आणि दुसऱ्या टोकाचा रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी, असे दोन्ही मिळून १२.७५ किलोमीटर आणि १३ स्टेशनं, त्याला केंद्राची मंजुरी मिळाली जून २०२५ मध्ये. पहिल्याच आराखड्यात असतं तर? टोकाचं स्टेशन ठरवताना लाइनचं बजेट कुठे संपतं ते बघू नका, रिक्षा-बस-दुचाकी कुठे गोळा होतात ते सकाळी आठला उभं राहून बघा.

डेपो विसरणे

गाड्या रात्री कुठे झोपणार? सूचना देणारे जवळपास सगळे हे विसरतात. डेपोला पंचवीस-तीस एकर सलग, सपाट जागा लागते, आणि पुण्यात ती शोधायला निघालात की कळतं किती अवघड आहे. वनाजचा डेपो जुन्या कचरा डेपोच्या जागेवर झाला, हिंजवडी लाइनचा माण गावात. डेपोची जागा नसलेला रूट सुचवायचा असेल तर तो चालू लाइनचा फाटा किंवा एक्स्टेन्शन म्हणून सुचवा, म्हणजे आहे तो डेपो वापरता येतो का याचा तरी विचार होईल.

फ्लायओव्हर आधी, मेट्रो मग

विद्यापीठ चौकातला फ्लायओव्हर आठवतो ना, २०२० मध्ये पाडला. मेट्रोचे पिलर त्यात बसत नव्हते म्हणून. चांगला उभा असलेला पूल, जेमतेम पंधरा वर्षं झाली होती, आपल्याच पैशाने बांधला आणि आपल्याच पैशाने पाडला आणि मग तिथे दुमजली नवीन. मला अजून त्या चौकातून जाताना वाईट वाटतं. आता खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी आणि नळस्टॉप-वारजे-माणिकबाग या लाइन्सना नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी मिळालीय, ३१.६ किलोमीटर, २८ स्टेशनं. तर तुमच्या भागात या रूटवर नवा पूल, ग्रेड सेपरेटर (चौकात एक रस्ता दुसऱ्याच्या वरून किंवा खालून नेणारं बांधकाम), मोठी ड्रेनेज लाइन असं काही निघालं की लगेच लिहून विचारा की मेट्रोच्या पायाची जागा सोडलीय का. ही सूचना एका ओळीची आहे आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी आहे.

सगळीकडे मेट्रोच मागणे

भावना समजते, शेजारच्या वॉर्डला मेट्रो आणि आम्हाला बस का. पण आकडा मांडून बघा. आपली ३ डब्यांची गाडी गच्च भरली तर साधारण साडेनऊशे माणसं. दर ६ मिनिटांनी एक धरली तर तासाला एका दिशेने साडेनऊ हजार. तुमच्या रस्त्यावर गर्दीच्या तासाला दोन-अडीच हजार लोकच एका दिशेने जात असतील तर मेट्रो रिकामी धावेल. केंद्राने यासाठीच मेट्रोलाइट आणि मेट्रो निओचे निकष काढलेत, मेट्रोलाइट म्हणजे छोटी, हलकी मेट्रो, तासाला १५ हजारांपर्यंतच्या मार्गांना, निओ म्हणजे रबरी चाकांची, ओव्हरहेड वायरवर चालणारी लांब बस, ८ हजारांपर्यंत. पण इथेही सावध, स्वस्त आहे म्हणून होईलच असं नाही. नाशिकच्या निओसाठी २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये २,०९२ कोटींच्या प्रकल्पाचा उल्लेख झाला होता, नाशिककर अजून वाट बघतायत. आणि आपल्याकडचा एचसीएमटीआर, १९८७ च्या विकास आराखड्यातला रिंग मार्ग, त्याच्यावर आधी रस्ता, मग निओ, किती नावं बदलली, उभा काहीच राहिला नाही.

कमी गर्दीच्या मार्गावर आधी चांगली बस मागा, दर पाच मिनिटांनी, स्वतःच्या लेनमधून. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी (स्वतंत्र लेनमधून धावणारी बससेवा) सुरू झाली तेव्हा देशातली पहिली होती. ती अर्धवट राहिली, लेनमध्ये दुचाक्या घुसल्या, स्टॉपपर्यंत रस्ता ओलांडून जायची सोय धड नव्हती. बसला हे मिळालं आणि बस भरून वाहायला लागली की तोच आकडा घेऊन मेट्रो मागायची, मग कुणाला नाही म्हणता येत नाही. २०१७ च्या मेट्रो धोरणातही आधी बाकीचे पर्याय तपासा, स्टेशनपासून ५ किलोमीटरच्या परिसरातली फीडरची, म्हणजे स्टेशनपर्यंत ने-आण करणाऱ्या वाहनांची, सोय दाखवा, असं स्पष्ट आहे.

सूचना रिजेक्ट झाली तर

बऱ्याचदा उत्तर येतं "तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही". चिडून सोडून देऊ नका, कोणती तांत्रिक अडचण ते विचारा, माहिती अधिकारात विचारा. रुंदीची अडचण असेल तर रस्त्याची रुंदी स्वतः टेप लावून मोजा आणि समांतर रस्ता सुचवा. प्रवासीसंख्येची असेल तर दोन दिवस सकाळी आठ ते दहा चौकात उभं राहून बसेस आणि त्यातली गर्दी मोजा, कॉलेजची चार पोरं मिळाली तर एका रविवारी बसून तक्ता होतो. पैशाची असेल तर सूचना तोडा, अख्खा रूट नको, एक फूटब्रिज मागा. डेक्कन आणि संभाजी उद्यान स्टेशनांवरून नदी ओलांडून पेठांकडे जाणारे पादचारी पूल बघा, नारायण पेठेतल्या माणसाला मेट्रो जवळ आली ती त्या पुलामुळे, नवीन लाइनमुळे नाही.

आमच्या ग्रुपने सहकारनगर-वारजेची रेघ पुसली. आता जे पत्र तयार आहे त्यात बिबवेवाडी स्टेशनचा एक दरवाजा वरच्या वस्तीच्या बाजूला, तिथे लिफ्ट, आणि दरवाज्यासमोर दोन बस उभ्या राहतील एवढा थांबा, इतकंच मागितलंय. सोबत चढाचा फोटो आणि त्या चढावरून आमच्या आजी-आजोबांना लागलेली मिनिटं, नावाशिवाय, एका तक्त्यात.