फिशटँकची वायरिंग आणि लाईट गेल्यावरची सोय: या चुका टाळा

मासे मजेत फिरताहेत म्हणजे पाण्यात करंट नाही, ही समजूत सगळ्यात घातक. हीटरची काच तडकली की पाणी 230 व्होल्टवर जाऊ शकतं. पण काचेच्या टाकीतून करंटला जमिनीकडे वाट नसते, म्हणून माशांना काही होत नाही आणि एमसीबीही (फार जास्त करंट गेला की लाईन तोडणारा स्विच) पडत नाही. ओल्या फरशीवर उभं राहून तुम्ही हात घातला की ती वाट तुमच्या अंगातून तयार होते. म्हणून हात घालण्याआधी टँकचे सगळे प्लग काढा, निदान हीटर आणि फिल्टरचे तरी.

एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. 6 अँपिअरच्या एमसीबीला 30 मिलीअँपिअरची गळती कळतसुद्धा नाही, आणि जीव जायला तेवढी पुरू शकते. तिथे 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबीच हवा, म्हणजे जाणारा आणि येणारा करंट जुळला नाही की लाईन तोडणारा स्विच. बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजारकडच्या जुन्या घरांत कित्येकदा अर्थिंगच धड नसतं. तरीही आरसीसीबी काम करतो, फक्त अर्थिंग नसेल तर तो तुम्हाला झटका बसल्यावरच पडतो. अर्थिंग करून घ्या आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन कापू नका. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. त्या बटणाने आतली यंत्रणा चालते एवढंच कळतं, अर्थिंग ठीक आहे की नाही हे कळत नाही.

आता दुसरी बाजू. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल, तर तुम्ही गावाला गेल्यावर फ्रिजच्या किंवा गीझरच्या गळतीने तो पडतो आणि फिल्टर रात्रभर बंद राहतो. टँकमध्ये गळती बहुतेक हीटरचीच असते, म्हणून हीटरला एक आणि फिल्टर व एअर पंपाला दुसरा असे दोन आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच असलेले स्विच) लावा. ते घराच्या 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीतून निघणाऱ्या लाईनवर जोडू नका, नाहीतर दोन्ही एकदम पडू शकतात. मेन स्विचनंतर स्वतंत्र लाईन काढायला वायरमनला सांगा.

इन्व्हर्टरवर टँक घेताना एक चूक हमखास होते: फेज इन्व्हर्टरचा आणि न्यूट्रल जवळच्या दुसऱ्या बोर्डातला. जाणारा आणि येणारा करंट जुळत नाही, आरसीबीओ वारंवार पडतो, आणि मग ‘तोच खराब आहे’ म्हणून काढला जातो. काढू देऊ नका. दोन्ही वायर त्याच आरसीबीओतून गेल्यात का ते आधी बघा. तो इन्व्हर्टरच्या आउटपुटवर हवा, आणि बॅटरीवर चालू असतानाही तो पडतो का हे वायरमनकडून तपासून घ्या. हीटर इन्व्हर्टरवर घेऊच नका. बडोद्याच्या जानेवारीत 100 लिटरची टाकी काही तासांत गार पडत नाही. मे महिन्यात मात्र एअर पंपाची हवा थांबली की धोका खरा: 25 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना 7.5 च.

4 वॉटच्या पंपासाठी मोठा इन्व्हर्टर चालवणं वाया जातं. त्याचा स्वतःचा खर्चच त्याहून जास्त असतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुरात झाली तशी लांबलेली वीजबंदी डोळ्यांपुढे ठेवून स्वतंत्र 12 व्होल्टची सोय करा. 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-तास) सीलबंद बॅटरी, 4 वॉटचा डीसी एअर पंप, 12 व्होल्ट 1 अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर आणि 12 व्होल्टची रिले (कॉइलला करंट मिळाला की जोडणी बदलणारा स्विच). रिलेची कॉइल अ‍ॅडॅप्टरवर, पंपाची प्लस वायर रिलेच्या कॉमन टोकाला, अ‍ॅडॅप्टरची प्लस एनओला (कॉइलला करंट असताना कॉमनशी जुळणारं टोक), बॅटरीची एनसीला (करंट नसताना जुळणारं टोक). सगळ्या मायनस वायर एकत्र. लाईट गेली की रिले सुटते आणि पंप बॅटरीवर येतो. अर्धी बॅटरी वापरली तरी सुमारे 10 तास मिळतात. बॅटरीच्या प्लसजवळच 2 अँपिअरचा फ्यूज टाका, आणि बॅटरीचा चार्जर साधा नको, फ्लोटवर (बॅटरी भरल्यावर) 13.5 ते 13.8 व्होल्ट देणारा हवा.

एक्स्टेंशन बोर्ड टँकखाली जमिनीवर ठेवू नका. भिंतीवर बसवा आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथूनच खाली टपकेल. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. पाणी बदलण्याच्या 20 मिनिटं आधी हीटर बंद करा. गरम काच उघडी पडली की तडकते.

कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा, बंद डब्यातला) चार-पाच तास बंद राहिला असेल तर लाईट आल्या आल्या चालू करू नका. आतल्या जिवाणूंचा ऑक्सिजन संपून पाणी सडलेलं असतं. ते ओतून द्या, स्पंज टँकच्याच पाण्यात हलवून घ्या आणि मगच प्लग लावा.