या चुका टाळा : चौदा तालुक्यांचा सातारा

सातारा जिल्ह्यात तालुके 11. युनिक्स-लिनक्सच्या कमांड जोडून लिहिलेल्या माझ्या स्क्रिप्टने मोजले 14, आणि तो तक्ता मी तसाच पुढे पाठवला.

चार संगणकांवर भरलेल्या फायली कॅटने जोडल्या होत्या. ऑकने शेवटचा तालुक्याचा रकाना काढला, सॉर्ट केला, युनिकला वजा सी हा पर्याय देऊन मोजला. वाई दोनदा, फलटण दोनदा, कऱ्हाड दोनदा! दीड तास ऑकची ओळ तपासत बसलो, पण ती बरोबरच होती. फाईलमधली न दिसणारी चिन्हंही दाखवणारी ओडी वजा सी लावल्यावर कळलं, एक फाईल विंडोजवर सेव्ह झालेली, तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह, म्हणून वाई आणि फलटण वेगळे मोजले गेले. कऱ्हाडचं दुखणं वेगळं. युनिकोडमध्ये 'ऱ' एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडूनही. दिसायला तोच, बाइट वेगळे.

तेव्हापासून बाहेरची फाईल आली की टीआरने कॅरेज रिटर्न काढतो, सेडने सगळे 'ऱ' एकाच प्रकारचे करतो, मगच मोजतो. गट किती निघायला हवेत हे आधी कागदावर लिहून ठेवतो. नवशिक्यांना याचाच कंटाळा असतो. कुठून तरी पाच पाइपांची (पाइप म्हणजे एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारं चिन्ह) ओळ उचलायची आणि शेवटचा आकडा तेवढा बघायचा. प्रत्येक पाइपनंतर पहिल्या काही ओळी दाखवणारा हेड लावून बघायला मिनिटही लागत नाही, बघा ना!

युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतो, त्यामुळे आधी सॉर्ट हवाच.

आकडे लावताना सॉर्टला वजा एन द्या, नाहीतर 10 हा 9 च्या आधी येतो. देवनागरी अंक वजा एनलाही कळत नाहीत. ते आधी बदलून घ्या.

सॉर्टचा वजा के 2 म्हणजे दुसऱ्या रकान्यापासून थेट ओळीच्या शेवटापर्यंत. फक्त दुसराच रकाना हवा असेल तर 2,2 लिहा.

सॉर्टचं आउटपुट त्याच फाईलवर वळवू नका. कमांड चालवणारा शेल आधी फाईल रिकामी करतो, सॉर्ट नंतर सुरू होतो, आणि हाती शून्य बाइट उरतात. त्यासाठी सॉर्टचा वजा ओ आहे. मी तर मूळ फाईल मिळाल्याबरोबर सीएचमॉडने तिची लिहिण्याची परवानगी काढून टाकतो.

दोन फायली समान रकान्यावरून जोडणारा जॉइन वापरणार असाल तर दोन्ही फायली एकाच लोकॅलमध्ये (म्हणजे अक्षरक्रमाच्या एकाच नियमाने) सॉर्ट करा. माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीवर एलसी ऑल बरोबर सी, म्हणजे साधा बाइटांचा क्रम, असतंच.