दातांच्या दवाखान्यात पैशांवरून वाजतंय? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत दातांचा दवाखाना टाकला तेव्हा सुरुवातीची भांडणं दुखण्यावरून कमी आणि कॅपवरून, म्हणजे दातावर बसवायच्या टोपणावरून, जास्त झाली. कागलच्या एका काकांना मी फक्त रूट कॅनालचा आकडा सांगितला होता. तिसऱ्या सिटिंगला कॅपचे वेगळे म्हटल्यावर ते खुर्चीतून उठलेच. "आधी बोलायचं न्हवं का डॉक्टर? आता निम्म्यात सोडून कुठं जाऊ?" चूक माझीच होती.

रूट कॅनाल म्हणजे दात पुरता बरा, असंच पेशंट धरून चालतो. आपल्या हिशेबात नस साफ करणं वेगळं, फिलिंग वेगळं, कॅप वेगळी. म्हणून एक्स-रे बघितल्यावर पहिल्याच दिवशी शेवटपर्यंतचा आकडा मराठीत कागदावर लिहून द्या. मेटल-सिरॅमिक कॅपचा आणि झिरकोनिया कॅपचा, दोन्ही. आणि तो भूल द्यायच्या आधी. ओठ बधिर, तोंडात कापूस, डोळ्यांवर दिवा, अशात माणूस "हूं" म्हणतो त्याला होकार समजू नका.

सगळे पैसे शेवटी घ्यायचे ठेवलेत तर फसलात. ठणका थांबला की पेशंटचं येणंही थांबतं. कॅप राहते, पोकळ झालेली दाढ सुपारी चावताना चिरते आणि बोल आपल्याला लागतो. पैसे टप्प्याटप्प्यानं घ्या. कॅपचे निम्मे माप घेतानाच, कारण लॅबचा खर्च तिथूनच सुरू होतो.

"जरा बघा की डॉक्टर" म्हटल्यावर आत सूट देऊन टाकायची सवय मला होती. बाहेर काउंटरवरची ताई उगाच खोटी पडायची. सूट द्यायची तर तिच्यासमोर द्या, फाइलवर लिहून.

मेडिक्लेमबद्दल "बसेल बहुतेक" म्हणू नका. साध्या पॉलिसीत अपघात सोडला तर दातांचं ओपीडीतलं काम सहसा बसत नाही. विमा कंपनीला आधी विचारून या म्हणावं. पूर्ण तोंडाचे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे कृत्रिम दात, असतील तर रोखीत 2 लाख किंवा त्याहून जास्त घेता येत नाहीत, हेही अगोदरच सांगा.

राहता राहिलं "उसाचं बिल आलं की देतो". कोल्हापुरात याला नाही म्हणून चालत नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, ऊस कारखान्याला गेल्यापासून 14 दिवसांत द्यायचा नियम आहे, पण पैसे खात्यावर कधी पडतात ते शेतकऱ्यालाच विचारा! त्यांच्याच तोंडून तारीख घ्या, त्यांच्यासमोर फाइलवर लिहा. त्या दिवशी फोन ताईनं करायचा, आणि पहिला प्रश्न दाढेचा: "काका, चावायला येतंय न्हवं आता?"