पुण्याहून एका दिवसात मुंबई कशी वाचावी

पुणेकर मुंबईला जातो तो बहुधा कामाला, लग्नाला नाहीतर विमान पकडायला. शहर बघायला म्हणून गेलाच, तर गेटवेसमोर फोटो काढतो, घामाला शिव्या घालतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. तीच गाडी आणि तोच घाम राहू द्या. फक्त पुणे जिल्ह्यातून खाली काय काय गेलं, ते शोधत फिरा.

आदल्या दिवशी: गणेशखिंड

सुरुवात विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपासून करा. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यात मुक्कामाला यायचे, म्हणजे इलाख्याची राजधानीच दरसाल काही महिने घाट चढून वर यायची. त्यांच्यासाठी हा वाडा १८६४ साली बांधायला घेतला. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गव्हर्नर होते बार्टल फ्रिअर. मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळं केलं, तेही यांच्याच कारकिर्दीत. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरवाले बुडाले. वाड्याचं बांधकाम मात्र १८७१ पर्यंत चालूच होतं आणि त्याच्या खर्चावरून भरपूर टीका झाली. उद्या जी फोर्टातली मुंबई बघायची, तिचा बराचसा भाग याच तेजीत आखला गेला.

दिवस कुठला निवडावा

कामकाजाचाच. मी एकदा हौसेने भाच्याला घेऊन रविवारी गेलो. चर्चगेटला तासभर उभे राहिलो, एक डबेवाला दिसला नाही. "मामा, ऑफिसं बंद असतात ना आज," हे त्या बारा वर्षांच्या पोराने सांगायचं! चैत्रात गावच्या यात्रेसाठी डबेवाले चार-सहा दिवस सुट्टी घेतात. तेवढे दिवसही टाळा. आणि मेमध्ये जाऊच नका.

गाडीत: घाट झोपून काढू नका

डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला लागते. निघण्याआधी वेळ एकदा तपासून घ्या. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी आहे. डायनिंग कारमध्ये जायचं असेल तर लोणावळ्याच्या आत उरका, कारण पुढे खिडकी सोडवत नाही.

लोणावळ्याच्या आसपासचं वळवण धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. जे पाणी इंद्रायणीतून पूर्वेला भीमेकडे गेलं असतं, ते अडवून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडलं. १९१५ साली त्यावर वीज सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पुढे मुळशीला धरण आलं तेव्हा मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला. धरण झालंच. परळच्या मागावरच्या कापडात मुळशीची भातखाचरं आहेत, असं मी म्हणतो तेव्हा घरचे हसतात.

बोगदे सुरू झाले की एक नाव लक्षात ठेवा: अॅलिस ट्रेडवेल. या घाटरस्त्याचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे येऊन काही दिवसांतच वारला. त्याच्या बायकोने ठेका सोडला नाही, काम पुरं करवून घेतलं. १८६३ साली घाटातून गाडी धावली. हजारो मजूर इथे खपले, त्यांची नावं कुठेच नाहीत.

साडेदहा: स्टेशनातून बाहेर पडा आणि मागे वळा

रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जा आणि तिथून स्टेशन बघा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान. दहा वर्षं खपून १८८८ साली पुरी झालेली ही इमारत आणि समोरची महापालिका, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या. पंधरा मिनिटं पुरेत.

दादाभाई नौरोजी मार्गाने कमानींच्या सावलीतून चालत हुतात्मा चौक गाठा. १८६४ च्या फ्लोरा फाउंटनशेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून शंभराहून जास्त माणसांनी जीव दिला आणि १ मे १९६० ला मुंबई या राज्याची राजधानी झाली. इथे घाई करू नका.

पावणेबारा: चर्चगेट

पश्चिमेला चालत निघालात की डावीकडे ओव्हल मैदानाच्या काठाने राजाबाई टॉवर दिसतो. कापसाच्या तेजीतले बडे शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं. तेजी ओसरली, टॉवर १८७८ साली पुरा झाला.

चर्चगेट स्टेशनबाहेर डबेवाले दिसतील. पांढरी टोपी, डोक्यावर लांबलचक फळीचा खोका, त्यात तीसचाळीस डबे. फुटपाथवर खोका उतरवला की दोन-तीन मिनिटांत डबे गटागटाने वेगळे होतात. झाकणावर रंगाने आकडे, अक्षरं, खुणा असतात. कुठल्या स्टेशनातून आला, कुठे उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सगळं त्यात बसवलेलं. बघायचं तर भिंतीला चिकटून उभे राहा. वाटेत आलात तर "सरका, सरका" हे खास मावळी आवाजात ऐकायला मिळेल. कामाच्या गडबडीत प्रश्न विचारू नका. काम झाल्यावर हातगाडीला टेकलेल्या एकाला मी गाव विचारलं. तो म्हणाला, "राजगुरुनगर. तुमचं?" पुणं म्हटल्यावर म्हणाला, "मग शेजारीच की." यातले बहुतेक खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, मुळशीचे. शंभरावर वर्षं हे असंच चाललंय.

दुपार: पैसा आणि पायऱ्या

इराण्याकडे चहा, बनमस्का घ्या आणि हॉर्निमन सर्कलला या. टाऊन हॉलच्या, म्हणजे एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसा. याच परिसरात झाडाखाली दलाल जमायचे. त्यांची संघटना १८७५ साली झाली आणि तिचाच पुढे शेअरबाजार झाला. दलाल स्ट्रीट जवळच आहे, पण बाहेरून बघण्यासारखं फारसं काही नाही.

तीनच्या आत: गिरणगाव

सीएसएमटीहून धीमी लोकल पकडून करी रोडला उतरा. दुपारी गर्दी सोसण्यासारखी असते. लालबागच्या चाळी, त्यांच्या मागे काचेचे टॉवर, मधेच एखादं धुराडं. घाटावरून आणि कोकणातून आलेले गडी इथे एका खोलीत दहा-पंधरा राहायचे. पाळ्या बदलल्या की वळकट्या बदलायच्या आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनींना भाव आला. चाळींचे फोटो काढू नका, लोक तिथे राहतात.

ससून डॉक या फेरीत बसत नाही. मासळीचा लिलाव पहाटेचा असतो, त्यासाठी मुक्काम करावा लागतो. साडेचारपर्यंत सीएसएमटीला परत या. क्वीन पाच-दहाला सुटते.

दुसऱ्या दिवशी: कॅम्प

डॉक राहिला, तरी ससून पुण्यात आहेतच. बगदादहून मुंबईला येऊन व्यापारात गबर झालेले डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यातच वारले. मोलेदिना रोडवरच्या लाल देवळाशेजारी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाशेजारी, त्यांची कबर आहे. जाताना ओळखपत्र न्या. आत सोडतीलच असं नाही, पण विटांचा मनोरा रस्त्यावरूनही नीट दिसतो.