कार्ड नवं, तरी गेम अडखळतच होता

लॅमिंग्टन रोडवरून आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं, पण गर्दीच्या दृश्यांत गेम आधीसारखाच अडखळे. मुंबईचा मे महिना, म्हणून पहिला संशय तापमानावर. ते मात्र ठीक निघालं. मग आफ्टरबर्नर या वापर दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (आतल्या स्वतंत्र गणन-भागाचा) आलेख वेगळा लावला. ग्राफिक्स कार्ड ५५ टक्क्यांवर, प्रोसेसरचा एकूण वापर निम्म्याच्या आत, पण एक कोअर सतत शंभरीला टेकलेला! एकूण टक्केवारीवर विसंबू नका, ती सरासरी असते. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पी केलं. एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तेवढेच. कार्डाचं काम हलकं करूनही वेग वाढला नाही, म्हणजे गाडी प्रोसेसरपाशीच अडली होती.

रॅमही ३२००ऐवजी २१३३च्या वेगावर चालत होती. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सोय, चालू केल्यावर झटके बरेच कमी झाले. यात पैसे लागत नाहीत, आधी हेच करा.

त्यानंतर रायझन ५ २६०० हा प्रोसेसर काढून ५६०० घेतला. कोअर दोन्हींत सहाच. पण जुन्याची १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) दोन तुकड्यांत विभागलेली, नव्याची ३२ एमबी एकसंध, आणि गेमला तीच मानवते. बी४५० मदरबोर्ड तोच राहिला. फक्त बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच उरका, नाहीतर जुना बायोस नवा प्रोसेसर न ओळखल्याने स्क्रीन काळीच राहू शकते. आता त्याच दृश्यांत कार्ड ९५ टक्क्यांच्या वर चालतं.